प्रबंध गावाला परत मिळाला पाहिजे

२०२३ च्या डिसेंबरात विधान परिषदेत अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा पीएच. डी. करून मुले काय दिवे लावणार, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्याचा निषेध झाला आणि तो रास्तच होता. परंतु निषेध म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर प्रबंधांनीच द्यावे लागेल. आणि त्यासाठी भोर व वेल्हे या तालुक्यांइतके निकडीचे प्रश्न पुणे जिल्ह्यात क्वचितच आढळतील.

हे धरणांचे तालुके. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पाणी खालच्या उसाला आणि पुणे शहराला गेले. डोंगरकपारीतील माणसाच्या वाट्याला बुडालेली भातखाचरे आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, हे पुणे विसरलेले नाही. पण त्या धरणाच्या पोटात कोणाची शेते गेली आणि त्यांची नातवंडे आज कोठे राबतात, हे किती जणांना सांगता येईल? २०२४ मध्ये वेल्ह्याच्या 'राजगड' या नामांतराला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नाव बदलणे सोपे असते. हिशेब मांडणे अवघड.

हा हिशेब मांडायचा तर 'भोर तालुक्याचा सामाजिक व आर्थिक अभ्यास' असल्या ऐसपैस विषयाने काम भागत नाही. एक गाव आणि एक प्रश्न पुरे. जमीन गेलेल्या कुटुंबांना बदली जमीन कोठे, किती व कोणत्या साली मिळाली आणि आज ती कोणाच्या नावावर आहे, एवढेच विचारावे. मग कोणते कागद पाहायचे हे प्रश्नच सांगतो: भूसंपादनाचे निवाडे, फेरफार नोंदी, सातबारा, जनगणनेची गाववार पुस्तिका.

मात्र कागदात फक्त जमीनवाला असतो. दुसऱ्याच्या खाचरात राबणारा शेतमजूर, डोंगरावरचा धनगर, कातकरी आणि जिच्या नावावर काहीच नव्हते ती घरची बाई यांची नोंद निवाड्यात सापडत नाही. भरपाई कागदामागून गेली. ज्यांचा कागद नव्हता त्यांचे नुकसानही जणू झालेच नाही. संशोधकाचे खरे काम येथे सुरू होते. उंबरठ्यावर बसून त्याने जे टिपून घेतले, तोच या माणसांचा पहिला दस्तऐवज ठरतो.

असे काम महाराष्ट्राला नवे नाही. हॅरॉल्ड मान यांनी दख्खनमधील खेड्यांची जमीन व श्रम यांचा अभ्यास १९१७ व १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. इरावती कर्वे व जाई निंबकर यांची कोयना धरणग्रस्तांची पाहणी १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने काढली. तो सारा पायपिटीचा अभ्यास होता.

आज मात्र खोलीत बसून प्रश्नावल्या भरल्या जातात आणि जुन्या प्रबंधांतील प्रकरणे नव्या बांधणीत शिरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा ठेवलेली नाही. साठ टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. नियम आवश्यकच आहे. परंतु संगणक जुळणारे शब्द मोजतो. विद्यार्थी वेल्ह्याच्या एसटीत कधी चढला की नाही, हे त्याला कळत नाही. त्या दिवशी काय पाहिले व काय ऐकले हे वेगवेगळे लिहिलेली रोजची टिपणवही हाच त्याचा पुरावा होय. ती असली की लेखन अखेरच्या महिन्यावर साचत नाही.

अशी पायपीट गरिबाच्या मुलाने पदरमोड करून करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळालीच पाहिजे आणि त्यासाठी लढले पाहिजे. तालुक्यातील कार्यकर्त्यांनीही विद्यार्थ्याला मुक्कामाला जागा द्यावी, अभिलेख कक्षाचे दार उघडत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून द्यावा. निष्कर्ष मात्र त्याचा त्याला काढू द्यावा, मग तो चळवळीला गैरसोयीचा ठरला तरी चालेल.

आणि पदवी मिळाल्यावर प्रबंधाचा दहा पानी मराठी सारांश त्याच गावच्या ग्रामसभेत वाचला जावा. चूक असेल तर गावकरी सांगतील. खरा असेल, तर तोच कागद हातात घेऊन ते पुनर्वसन कार्यालयाची पायरी चढतील.