जॅकेटमुळे फोटो बिघडतो म्हणे

मोठ्या क्रूझवर प्रवास सुरू होताना भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब. प्रत्येकाने ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते पाहायचं. बहुतेकांना ही कटकट वाटते. पैसे मजेचे भरलेत, कवायतीचे नाहीत!

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला धडकलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. २०१५ पासून ती निघण्याआधी किंवा निघताच घ्यावी लागते.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात राहणाऱ्यांचं क्रूझशी काय देणंघेणं? पण समुद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूत कॉलेजच्या मुलामुलींची बोट उलटली. बहुतेकांच्या अंगात जॅकेटं नव्हती. तीन मुली बुडाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा कुठे गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. सक्ती झाली तरी ‘तासाभराचं तर जायचंय’ म्हणत गाठ सैल सोडणारे आपणच.

ही बेफिकिरी ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हे मला मान्य नाही. बोट कलली की आपली जागा ठाऊक नसलेला माणूस मागच्या म्हातारीची, लेकराची वाट अडवतो. म्हणून आश्रमशाळेची सहल घारापुरीला नेणाऱ्या गुरुजींनी बोट सुटण्याआधी प्रत्येक पोराची गाठ स्वतः ओढून पाहावी. बोटवाल्याने घाई केली, तर त्याला थांबवावं.