ढिगाऱ्यावर काय उगवलं, हे मोजायचं कसं?

पावसाळा सरता सरता कोळसा पट्ट्यातले मातीचे डोंगर हिरवे दिसू लागतात. घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूर, कुठूनही जा. कोळशावरची माती आणि खडक उकरून बाहेर टाकलेला, ज्याला इथे सगळे नुसतं ‘ओबी’ म्हणतात तो ढिगारा रस्त्यावरून पाहिला तर जंगलच वाटतो. मग अहवालात आकडा येतो: इतकी हजार रोपं लावली, इतक्या हेक्टरवर हिरवळ झाली. माझी तक्रार या आकड्याबद्दल आहे. लावलेल्या रोपांची संख्या खर्चाचा हिशेब सांगते. जमीन परत उभी राहिली की नाही, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला ढिगाऱ्यावर चढावं लागतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट उतारावर ठेवायची आणि ठरलेल्या अंतरांवर एक बारीक सळई सरळ खाली सोडायची. ती आधी कशाला टेकते ते लिहायचं: पान, पालापाचोळा, दगड की उघडी माती. शंभरपैकी चाळीस वेळा पानाला टेकली, तर हिरवं आच्छादन चाळीस टक्के. रस्त्यावरून पाहताना पुढचं झुडूप मागची मोकळी जागा झाकतं, म्हणून सगळा उतार भरलेला दिसतो. सळई वरून येते, तिला ती मोकळी जागा सापडते. चौकटीत बहुतेक वेळा रानतुळस असते, गाजरगवत असतं, एखाद-दुसरा गवताचा ठोंब आणि उरलेल्या जागी शेलच्या कपच्या. पालापाचोळ्याची नोंदही महत्त्वाची, कारण पावसाचा मार तोच अंगावर घेतो.

चौकट ठेवायची कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यात सगळीकडे आच सारखी असते. ढिगाऱ्याचं तसं नसतं. पायथ्याशी पाणी मुरतं, माथ्यावर टिकत नाही. दक्षिणेचा उतार चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भाजून निघतो, उत्तरेचा तग धरतो. म्हणून माथा, उतार, पायथा असे भाग आधी नकाशावर पाडायचे, प्रत्येकातले बिंदू चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे आणि जीपीएस दाखवेल तिथेच जायचं, मग तिथे घळ लागो की काटेरी बाभळी. डोळे मिटून चौकट फेकण्याची पद्धत मला पटत नाही. फेकणारा माणूस जिथे उभं राहणं सोयीचं तिथेच उभा असतो. तपासणीला आलेल्या पथकाला रस्त्यालगतचा नीट राखलेला तुकडा दाखवणं तर त्याहून वाईट.

किती चौकटी पुरेशा? समजा, शेजारच्या चांगल्या गवताळ रानात आच्छादन सत्तर टक्के आहे आणि ढिगाऱ्यावर दहा चौकटींची सरासरी पासष्ट आली. ऐकायला छान. पण एका चौकटीत नव्वद आणि दुसरीत वीस असेल, तर त्या पासष्टवर विसंबता येत नाही. अशा वेळी चौकटी वाढवाव्याच लागतात.

अमेरिकेने हे कायद्यात आणलं. 3 ऑगस्ट 1977 रोजी जिमी कार्टर यांनी उघड्या कोळसा खाणींच्या कायद्यावर सही केली. त्याखालच्या नियमांनुसार ढिगाऱ्यावरची वनस्पती ठरवलेल्या मानकाच्या किमान 90 टक्के हवी आणि ते 90 टक्के सांख्यिकीय खात्रीने दाखवता आलं पाहिजे. जबाबदारीही लगेच सुटत नाही: शेवटचं खत-पाणी दिल्यानंतर पाच वर्षं, आणि वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दहा वर्षं. तोवर कंपनीने भरलेल्या हमीची पूर्ण रक्कम मोकळी होत नाही.

आपल्याकडेही पैसा अडकवून ठेवण्याची सोय आहे. कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या खाणबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये एस्क्रो खात्यात भरायला लावले. आकडे पुढे बदलले, तत्त्व राहिलं. 8 जानेवारी 2020 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे नागपूरचेच, यांच्या खंडपीठाने खाणपट्ट्याच्या अटींत पुन्हा गवत उगवण्याची अट घालायला सरकारला सांगितलं. जमीन चारा आणि वनस्पती वाढण्यायोग्य करून द्यायची, असा त्याचा अर्थ. उपग्रहावरून देखरेखही होते. ती हवीच, पण हिरव्या ठिपक्यातलं गवत गुराच्या तोंडी लागणारं आहे की घाणेरीची जाळी आहे, हे शेवटी जमिनीवर उतरूनच खात्रीनं सांगता येतं.

आणि गुराखी विचारतो ते नेमकं हेच. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं आहेत का? ऐन, धावडा, मोह, तेंदू यांची रोपं कुणी न लावता आपसूक येताहेत का? माझ्या मते ही शेवटची नोंद सगळ्यांत बोलकी. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि सुबाभूळ लवकर वाढतात, माती धरतात. गोव्यातल्या लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवरही हीच बाभूळ वर्षानुवर्षं लावली गेली. पहिल्या काही वर्षांसाठी त्यांचा उपयोग मी नाकारत नाही. पण पंधरा वर्षांनीही त्यांच्या सावलीत दुसरं काही उगवत नसेल, तर तिथे रान झालं असं म्हणता येणार नाही. ढिगारा सुधारता येतो, हेही दिसलेलं आहे: नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातली प्रेसमड आणि मुळांशी सहजीवन करणारे जिवाणू, बुरशी वापरून झाडोरा उभा केला. हे काम विदर्भातच झालेलं आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. एस्क्रोतून हप्ता सोडण्याआधी ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यात असताना आणि ओळखता येतं तेव्हा, चौकटी लावून मोजणी व्हावी. झाडांची गणती उन्हाळा काढल्यावर जूनमध्ये. बिंदू खाणीबाहेरच्या संस्थेने निवडावेत आणि ते आदल्या दिवसापर्यंत कुणाला कळू नयेत. मोजताना गावातले दोन गुराखी सोबत असावेत, कारण गवत त्यांच्याइतकं कुणी ओळखत नाही. तुलना शेजारच्या शाबूत रानाशी व्हावी आणि प्रत्येक चौकटीची नोंद, सरासरी काढण्याआधीची, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.