पॅनेलचे सिम सांभाळायचे कोणी?

सुट्ट्या संपल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार ठरलेली असते. सायरन वाजला, शेजारी जागे झाले, पण गावाला गेलेल्या मालकाला ना फोन गेला ना एसएमएस. चौकशी केली तर पॅनेलचा दोष क्वचितच निघतो. झोन बरोबर, 12 व्होल्टची बॅटरी भरलेली, डायलरमध्ये नंबर नीट टाकलेले. बंद पडलेले असते ते सिम.

मुदत संपली की आउटगोइंग लगेच बंद होते, इनकमिंग मात्र आणखी काही दिवस चालते. त्या काळात पॅनेलवर टॉवर दिसत राहतो. मालकाने पॅनेलच्या नंबरवर फोन लावून पाहिला तर रिंगही जाते. त्याचे समाधान होते आणि तो कुलूप लावून निघतो. मुदत संपत आल्याचा मेसेज कंपनी पाठवते, पण त्याच सिमवर! जिन्याखालच्या बंद डब्यात तो कोण वाचणार? केवायसीच्या सूचनेचीही तीच गत. सिम घेताना फॉर्मवर दुसरा नंबर लिहून घेतात, मग निरोप त्यावर का येऊ नये?

कॉल आणि एसएमएसपुरते वेगळे व्हाउचर द्या, अशा व्हाउचरची मुदत 365 दिवसांपर्यंत असू द्या, असे ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये सांगितले. आपल्या कामाला तेच हवे होते. पण वर्षभराचे जे पॅक बाजारात आले, त्यात महिन्याला चार मेसेज पाठवणाऱ्या पॅनेलसाठीही अमर्याद कॉलचे पैसे मोजावे लागतात. यंत्रांसाठी 13 अंकी नंबरची एम-टू-एम सिम आहेत, पण ती ठोक घेणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांना सोयीची. सावंतवाडीच्या इन्स्टॉलरने पाच बंगल्यांसाठी मागितली तर काउंटरवर त्याला कोणी दाद देत नाही. मग तो साधी सिम स्वतःच्या नावावर घेतो आणि 9 सिमच्या मर्यादेला जाऊन थडकतो. ती ओलांडली तर 2023 च्या दूरसंचार कायद्यात दंड आहे. दहाव्या ग्राहकाचे काय करायचे, हे दूरसंचार विभागाने एकदा लेखी सांगावे. घरमालकाच्या नावावर, किरकोळीत, वर्षाच्या मुदतीचे स्वस्त सिम आणि सूचना दुसऱ्या नंबरवर, एवढीच आमची मागणी आहे.

पण विभागाला दोष देऊन आपली सुटका होत नाही. पिरिऑडिक टेस्टचा एसएमएस ‘ग्राहक वैतागतो’ म्हणून बंद कोण करतो? आपणच. तो आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चालू ठेवा आणि तो आला नाही तर काय करायचे ते मालकाला लिहून द्या. आलेला मेसेज मास्टर नंबरवर पुढे पाठवण्याची सोय पॅनेलमध्ये असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करा. रिचार्जची तारीख एएमसीच्या कार्डावर हवी.

आणखी एक गोष्ट, आणि ही सांगताना संताप होतो. पॅनेलचे झाकण उघडावे तर ईओएल रेझिस्टर ओळीने टर्मिनलवरच पिळलेले! शिडी लावून कॉन्टॅक्टपर्यंत जायचा कंटाळा, दुसरे काय. अशा झोनची वायर कोणी दाराजवळ शॉर्ट केली तर दार सताड उघडले तरी पॅनेलला झोन बंदच दिसणार. रेझिस्टर कॉन्टॅक्टजवळ असता तर तोच शॉर्ट लगेच पकडला गेला असता. झोनचे पैसे घेता ना? मग शिडी चढा. फॅक्टरीचा इन्स्टॉलर कोड तसाच ठेवून हँडओव्हर देणाऱ्यांना तर आम्ही व्यावसायिक मानत नाही.

सिम बंद पडल्याने निरोप न गेलेली प्रत्येक घटना आम्हाला कळवा: पॅनेलचे मॉडेल, सिम केव्हा बंद झाले, कंपनीने काय उत्तर दिले. ग्राहकाचे नाव-पत्ता नको. या सगळ्याचे एकत्रित निवेदन ट्राय आणि दूरसंचार विभागाकडे जाईल. पुढच्या अंकाची वाट न पाहता आजच लिहा.