गाव मोजावे केव्हा?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या रांगांत, सुरगाणा व पेठ हे तालुके वसले आहेत. तेथील एखादे लहानसे गाव श्रावणात पाहावे. खाचरांत भात, उतारावर नागली नि वरई, प्रत्येक घरातून चुलीचा धूर आणि शाळेच्या पडवीत मुलांची दाटी! तेच गाव माघात पाहावे. कित्येक दारांना कुलपे असतात. ओट्यावर एखादी आजी नातवाला घेऊन बसलेली असते. बाकीची माणसे कोठे गेली असे विचारले, तर उत्तर ठरलेले: “द्राक्षाला गेलीत.”

येथील शेती पावसावरची. पीक घरात आले की हातांना काम उरत नाही. नेमक्या त्याच वेळी दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांना मजुरांची निकड भासते. मण्यांची विरळणी, घड खुडणे, पेट्या भरणे ही कामे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. त्या पेट्यांतील काही सातासमुद्रांपलीकडे जातात. त्यांचा हिशेब मात्र एका पेटीनेही चुकू दिला जात नाही.

माणसांचा हिशेब दहा वर्षांनी होतो. सबंध देशाची एककालिक जनगणना प्रथम १८८१ च्या फेब्रुवारीत झाली. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. पुढची करोनाच्या साथीमुळे लांबली. तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही तिथी सरकारने २०२५ मध्ये जाहीर केली. म्हणजे पुन्हा फेब्रुवारीच. या दिवसांत हवा कोरडी असते, शेतीची धांदल सरलेली असते आणि माणसे घरी सापडतात, हा त्यामागील विचार. देशाच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच आहे. परंतु सुरगाण्याच्या पाड्यांना तो नेमका उलटा लागू पडतो.

गणनेच्या सर्व दिवसांत जो घरी नसतो, तो जेथे असेल तेथे मोजला जातो. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून हा नियम हवाच. दोष नियमाचा नव्हे; त्या आकड्यावरून पुढे जे ठरविले जाते, त्याचा आहे. डोंगराळ व आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असे प्रमाण आहे. तीन-चार गावे मिळून ही संख्या जेमतेम भरत असेल आणि त्यांतील दोनशे माणसे बागांवर मोजली गेली, तर कागदावर उपकेंद्राची गरजच उरत नाही!

पण गरज कधी असते? ओढ्यांना पूर येतो, वाट बंद होते, ताप घरोघर फिरतो, तेव्हा गाव पूर्ण भरलेले असते. दवाखान्याचा निर्णय पावसाळ्यातील लोकसंख्येवरून व्हावा, हेच न्यायाचे. ती मोजणे अवघडही नाही. शाळेत गुरुजी असतात, अंगणवाडीत सेविका असते. प्रत्येक उंबरठा त्यांच्या ओळखीचा असतो.

शिमग्याला काही माणसे परततात. होळीभोवती गाव पुन्हा दाटते. तोवर प्रगणक आपली नोंद पूर्ण करून गेलेला असतो.