घाटाखाली सांडणारे पाणी : पुणतांब्याचे जाहीर पत्रक

समस्त शेतकरी बंधुभगिनींस,

ज्या गावाने 1 जून 2017 रोजी शेतकऱ्यांच्या संपाचे रणशिंग फुंकले आणि पेरणारा हातही थांबू शकतो हे राज्यकर्त्यांच्या प्रत्ययास आणून दिले, त्या पुणतांब्यातून आज हे पत्रक निघत आहे ते शेतमालाच्या भावासाठी नव्हे. ज्याच्यावाचून माल पिकतच नाही आणि भावाचा प्रश्नही उद्भवत नाही, त्या पाण्यासाठी होय.

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून स्वभावतःच पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या अडवावयाच्या, त्यांचे पाणी घाटाखाली कोकणात लोटावयाचे आणि त्या पतनातून वीज काढावयाची, हा उद्योग टाटा कंपनीने 1915 साली खोपोलीस आरंभिला व पुढे भिवपुरी आणि भिरा येथे वाढविला. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी. परंतु त्या धरणाने जमिनींबरोबरच खालच्या अंगाच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील श्रीगोंदे-कर्जतपासून सोलापूरपर्यंतच्या भीमाकाठच्या पाण्यालाही कायमची कात्री लावली. स्वराज्य आले, तरी कोयनेने तीच वाट धरली. आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने तिला वर्षाकाठी 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेस वळविण्याची मुभा दिली. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याहून थोडेसेच कमी असलेले हे पाणी वीज देऊन वाशिष्ठीमार्गे समुद्राकडे जाते; आणि इकडे सात नंबरचा अर्ज भरून, पाणीपट्टी चुकवून, गोदावरीच्या कालव्याच्या टेलला बसलेला शेतकरी आवर्तनाची वाट पाहत राहतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, पश्चिमेचा कडा उंच, म्हणून तिकडे वीज अधिक. आणि सायंकाळी मागणीचा भार एकदम चढतो तेव्हा जलविद्युतच तत्काळ धावून येते. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. परंतु अकोले तालुक्यातील घाटघर येथे 250 मेगावॅटची उदंचन योजना उभी आहे, जेथे तेच पाणी घाटाखाली सोडून वीज काढतात आणि मागणी ओसरली की पुन्हा वर चढवितात. तेव्हा कड्याचा लाभ घेण्यासाठी नदी गमावलीच पाहिजे, हा सिद्धांत आमच्याच जिल्ह्याने खोटा ठरविला आहे. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याचीही साक्ष काढा : तेथे वीज होते, परंतु पाणी प्रवरेतच राहते आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरून शेते भिजविते. वीज सूर्यापासून मिळते, वाऱ्यापासून मिळते, कोळशापासूनही मिळते. पाणी मात्र कोणत्याही कारखान्यात निपजत नाही. म्हणूनच 1987 च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याचे पाणी प्रथम, सिंचन द्वितीय आणि जलविद्युत त्यानंतर, असा अनुक्रम लावून दिला होता. तो अनुक्रम कागदावर राहिला.

गोदावरी खोऱ्यापुरते बोलावयाचे, तर ऊर्ध्व वैतरणेचा जलाशय दारणा खोऱ्यातील मुकणे धरणाच्या शेजारी, घाटमाथ्यावरच आहे. आणि त्याचे पाणी 60 मेगावॅटच्या वीजगृहातून खाली उतरते. मुंबईकरांच्या पिण्याच्या वाट्यातील थेंबही आम्हांस नको. पावसाळ्यात जे अतिरिक्त ठरते, ते मुकण्यात वळवावे, एवढेच आमचे मागणे आहे. ते दारणेने नांदूरमध्यमेश्वरास पोहोचेल आणि तेथून कालव्यांनी आमच्या चाऱ्यांत येईल.

सरकारकडे आमच्या मागण्या तीन :

1. घाटाखाली वळविल्या जाणाऱ्या पाण्याचा धरणनिहाय हिशेब दरवर्षी जाहीर करावा.

2. टाटांच्या व कोयनेच्या धरणांतील पाणी क्रमाक्रमाने पूर्वेस सोडावे, आणि विजेची तूट सौर व उदंचन योजनांनी भरून काढावी.

3. वैतरणेचे अतिरिक्त पाणी मुकण्यात आणण्याचे काम मुदत ठरवून पार पाडावे.

बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव आपापल्या गावी मंजूर करा, त्याची नक्कल तहसील कचेरीत दाखल करून पोच घ्या, आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाकडून या मागण्यांचे उत्तर लेखी घ्या.