बघू द्या की, शेठ!

माणसानं बाजारात काय काय तपासून घ्यावं, याबाबत आपल्या समाजाचे नियम फार कडक आहेत. वांगं दाबून बघावं, भेंडीचं टोक मोडून बघावं, नारळ कानाशी हलवावा, कलिंगडाला टिचकी मारावी आणि माठ बोटाच्या पेरांनी वाजवून त्याचा सूर ऐकावा. चितळे रोडला पावशेर मिरची घेताना आमच्या सौभाग्यवती एक मिरची मोडून तिचा वास घेतात, तेव्हा भाजीवाली 'मोडलीत ना? आता सगळी पाटी घ्या' असं म्हणत नाही. उलट स्वतःच दुसरी मोडून पुढं करते. ही भांडणाची नव्हे, व्यवहाराची सुरुवात आहे, हे दोघींनाही ठाऊक असतं.

आमच्या नगर जिल्ह्यात (सरकारदरबारी तो २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे, जीभ अजून सवय करते आहे) काष्टीला आणि घोडेगावला जनावरांचे मोठे बाजार भरतात. तिथला शेतकरी बैल कसा घेतो ते एकदा जाऊन बघा. आधी चारी बाजूंनी फिरून बघतो. मग बैलाच्या जबड्यात हात घालून दात मोजतो. पाठीवर थाप मारतो, शेपटी उचलतो, चालवून बघतो, दुडकीनं पळवून बघतो. एवढं सगळं झाल्यावर उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो. यात बैलाच्या मालकाचा अपमान होत नाही. बैलाचाही होत नसावा. निदान त्याची तशी लेखी तक्रार नाही.

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' अशी आपल्याकडे म्हण आहे. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मी कॉमर्सचा पदवीधर आहे. त्यामुळे या म्हणीची दुसरी बाजूही मला दिसते. गाय धर्माची नसेल, रोख पैसे मोजून घेतलेली असेल, तर दात मोजायचा हक्क आपोआप येतो. नव्हे, तो किमतीतच धरलेला असतो.

हे सगळं इतकं खुलासेवार सांगायचं कारण म्हणजे एक काठी. पूल नावाच्या खेळात, हिरव्या कापडाच्या टेबलावरचे रंगीत बॉल भोकांत घालवायला जी वापरतात ती. इंग्रजीत तिला क्यू म्हणतात, पार्लरमधली पोरं स्टिक म्हणतात आणि आमच्या घरात तिला दांडकं म्हणतात. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला क्यू म्हटलं की पेन्शनरांची रांगच डोळ्यांपुढं उभी राहते. गंमत म्हणजे रांगेचा क्यू आणि काठीचा क्यू हे दोन्ही एकाच फ्रेंच शब्दापासून आले आहेत आणि त्याचा अर्थ शेपूट. महिन्याच्या एक तारखेला काउंटरच्या आतून बाहेर बघणाऱ्याला हा अर्थ लगेच पटतो.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे बँक बंद आणि घर चालू असतं त्या दिवशी, मी सावेडीकडच्या एका पार्लरमध्ये खेळायला जातो. पार्लरच्या काठ्या सार्वजनिक असतात आणि सार्वजनिक वस्तूचं जे होतं ते त्यांचं झालेलं असतं. एकीचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं, दुसरीची मूठ चिकट, तिसरी इतकी वाकडी की तिनं नेम धरण्यापेक्षा नवस बोललेला बरा. म्हणून भिशीचे पैसे हातात आल्यावर मी स्वतःची काठी घ्यायचं ठरवलं. आमच्याच गावातल्या एका दुकानात ती होती. किंमत चार हजार दोनशे.

"शेठ, जरा बघू का?"

"बघा की साहेब." त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीतूनच दाखवली.

"तशी नाही. उघडून, जोडून. जमलं तर दोन बॉल मारून."

"बॉल? साहेब, काठी आहे ही. काठीला काय बघायचं?"

"सरळ आहे का ते."

"कंपनीची आहे. वाकडी कशी असेल?"

"तरी पण..."

"पॅकिंग फोडलं की दुसरं गिऱ्हाईक हात लावत नाही. घेणार असाल तर फोडतो. आणि एकदा फोडली की..." शेठनी मान न वळवता बोट मागं केलं. तिथं लक्ष्मीच्या तसबिरीखाली पाटी होती : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

म्हणजे पैसे देण्याआधी उघडायचं नाही आणि उघडल्यावर परत द्यायचं नाही. मधल्या वेळात ग्राहकानं फक्त खिशात हात घालायचा.

दुकानाचं नाव मी सांगणार नाही. माझं भांडण एका शेठशी नाही, त्या एका वाक्याशी आहे : 'काठीला काय बघायचं?'

तर काय बघायचं ते ऐका. पूलची काठी साधारण १८ ते २१ औंसांची असते, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम. एका औंसाचा फरक म्हणजे २८ ग्रॅम. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण सोन्यात धरला तर जवळजवळ अडीच तोळे होतात आणि तेवढ्यावरून आपल्याकडे लग्नं मोडलेली आहेत. एकाच वजनाच्या दोन काठ्यांचाही तोल वेगळा असतो. एक मुठीकडे जड, दुसरी टोकाकडे. पिशवीवर वजन छापता येतं, तोल छापता येत नाही. तो हातालाच कळतो. टोकाला चामड्याची टिकली असते, सुमारे १३ मिलिमीटर रुंद. ती नीट चिकटली आहे की एका बाजूनं सुटते आहे, हे नखानं बघावं लागतं. काठी दोन तुकड्यांत येते, मध्ये आट्यांचा जोड असतो. तुकडे वेगवेगळे सरळ असूनही जोडल्यावर काठी वाकडी निघू शकते. त्यासाठी सुतार फळी डोळ्याशी धरून बघतो तशी ती एका डोळ्यानं बघायची, मग सपाट काचेवर लोटून द्यायची. मध्येच उड्या मारत गेली तर समजायचं, कुठं तरी पाणी मुरतंय. ती मुळात लाकडाची असते आणि लाकूड हवा खातं. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात घराची दारं चौकटीला दाद देत नाहीत, तर भिंतीला महिनोन्‌महिने तिरकी टेकवून ठेवलेली काठी कंपनीचं नाव ऐकून सरळ राहील काय?

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. आणि याच दुकानात कॅरमचा स्ट्रायकर घ्यायला गेलं, तर शेठ स्वतः चार स्ट्रायकर काउंटरच्या काचेवर ठेवून 'मारून बघा' म्हणतात. पंधरा ग्रॅमच्या, शंभराच्या आतल्या चकतीला हा मान! बॅटचंही तेच. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून तीन कव्हर ड्राइव्ह मारतं, मागच्या बाईंची पर्स उडते, तरी कोणी काही बोलत नाही. मग काठीनंच काय पाप केलंय?

पाप असं की, हा शौक आहे आणि शौकाची वस्तू घेणाऱ्यानं चौकशी करू नये, असा एक समज आहे. आमच्या घरातही तो आहे. "एवढी पारख मला बघायला आलात तेव्हा केली नव्हतीत," असं सौभाग्यवती म्हणाल्या. त्या वेळी मला दोन प्रश्न विचारायची मुभा होती आणि त्यातला एक मामांनी विचारून टाकला, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण हा खेळ साहेबांचा, आपला नव्हे, हे मात्र मला मान्य नाही. पूलचा थोरला भाऊबंद जो स्नूकर, तो १८७५ साली आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं काढलेला. (पुढं पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे.) बिलियर्ड्समध्ये भारताला पहिलं जगज्जेतेपद १९५८ साली मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. दोन डझनांहून जास्त जागतिक किताब जिंकणारा पंकज अडवाणी, तोही १९८५ साली पुण्यातच जन्मलेला. आमच्या नगरपासून पुणं एस.टी.नं तीन तासांवर. इथून कोणी निघणारच नाही, असं कसं म्हणता येईल?

आणि खरा मुद्दा इथंच आहे. माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या कारकुनाला वाकडी काठी मिळाली तर फार तर चार हजार बुडतील. आम्हाला वाकड्या गोष्टींची सवय आहे. पण भिंगारचं एखादं सोळा वर्षांचं पोरगं, सुट्टीत कुठं तरी काम करून पैसे साठवतं आणि बंद पिशवीतली काठी घरी नेतं. ती जोडावर जराशी वाकडी निघते. त्याला बिचाऱ्याला ते कळत नाही. त्याचा नेम चुकत राहतो आणि काठी कंपनीची असल्यामुळे चूक आपलीच आहे असं ते समजतं. सहा महिन्यांनी खेळ सोडतं. या नुकसानीची पावती कुठल्याच दुकानात फाडली जात नाही.

आता कायद्याचं बघू. बी.कॉम.ला आम्हाला १९३० चा मालविक्रीचा कायदा होता. त्याचा उपयोग नोकरीत कधी झाला नाही, तो आज करून घेतो. त्याचं ४१ वं कलम म्हणतं, की आधी न तपासलेला माल तपासायची वाजवी संधी मिळाल्याखेरीज ग्राहकानं तो स्वीकारला असं धरता येत नाही. त्याहून मजा १६ व्या कलमात आहे. ग्राहकानं माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला मागाहून ओरडता येत नाही. म्हणजे बघा, तपासू दिलं की दुकानदार सुटतो! जी पाच मिनिटं शेठ वाचवायला बघतात, ती त्यांच्याच फायद्याची असतात. उरली ती भिंतीवरची पाटी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांची मुदत धरतात. तेव्हा सदोष मालापुरता त्या पाटीचा उपयोग भिंतीचा पोपडा झाकण्याइतकाच आहे.

कोणी म्हणेल, अहो, विश्वास म्हणून काही आहे की नाही? आहे ना! घरांना दारं-कुलपं न लावणारं शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात आहे. २०११ साली एका बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखासुद्धा काढली. पण तिथलाही कॅशियर नोटा न मोजता घेत असेल, असं मला वाटत नाही. बँकेत तर आम्हीच पाटी लावतो, 'काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी.' गिऱ्हाईक आमच्या तोंडावर, थुंकी लावून, आम्ही दिलेल्या नोटा मोजतं. आम्ही रागावत नाही. सोनंतारण कर्जाला आलेल्या बाईच्या पाटल्या सराफ कसोटीवर घासतो, तीही रागावत नाही. मोजून बघितल्यावर राहतो तो विश्वास. मोजूच देत नाहीत तिथं राहते ती नुसती आशा.

आता शेठची बाजू. ती मी सांगितली नाही, तर मी कॅशबुकाचं एकच पान लिहिल्यासारखं होईल. शेठचं दुखणं खरं आहे. गिऱ्हाईक दुकानात येतं, अर्धा तास पंख्याखाली बसतं, चहा पितं, दहा वस्तू हाताळतं, 'उद्या येतो' म्हणतं आणि पायरी उतरता उतरता तीच वस्तू साठ रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून मोबाइलवर मागवतं. याला तपासणं म्हणत नाहीत, दुसऱ्याच्या मांडवात जेवून अहेर तिसऱ्याला देणं म्हणतात. असल्या मंडळींमुळे शेठचा हात पिशवीवर घट्ट बसला आहे.

पण त्यावर उपाय पिशवी शिवून टाकणं नव्हे. प्रत्येक वजनाची एक काठी कायम उघडी ठेवावी, हात बसवायला. जी विकायची ती पैसे घेण्याआधी गिऱ्हाईकासमोर जोडून काचेवर लोटून दाखवावी. बॉल मारून बघायचे असतील तर जवळच्या पार्लरशी बोलून ठेवावं. पन्नास रुपये फी लावावी आणि काठी घेतली तर बिलातून वजा करावी. फुकट्याला पन्नास रुपये जड जातात, तो आपोआप गळतो.

आणि आपण गिऱ्हाईकांनीही एवढं करावं : जिथं तपासलं आणि पसंत पडलं, तिथंच घ्यावं. साठ रुपये जास्त गेले तर ते पंख्याचे, चहाचे आणि त्या पाच मिनिटांचे समजावेत. मात्र जिथं तपासू देत नाहीत तिथं, दुकान कितीही झगझगीत असलं आणि शेठ कितीही गोड बोलले, तरी पैसे काढू नयेत. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. नुसतं 'बघू द्या की, शेठ' म्हणायचं. पुन्हा नाही म्हणाले तर नमस्कार करून पायरी उतरायची. दहा जण असे उतरले, की अकराव्यासाठी शेठ स्वतःच पिशवीची गाठ सोडतील.