हजेरीपटावर उपस्थित, मधल्या सुट्टीत एकटे

नोटाबंदीवरील गदारोळात वाहून गेलेल्या २०१६च्या हिवाळी अधिवेशनात सत्ताधारी आणि विरोधक ज्या मोजक्या कामांसाठी एकत्र आले, त्यांत दिव्यांग व्यक्ती हक्क विधेयक होते. राज्यसभेने ते १४ डिसेंबरला संमत केले, लोकसभेने दोन दिवसांनी. १९९५च्या कायद्यातील सात प्रवर्गांचे एकवीस झाले, त्याची चर्चा बरीच झाली. कलम १६ कडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. शाळेने दिव्यांग विद्यार्थ्याला प्रवेश तर द्यावाच, शिवाय खेळात व मनोरंजनात इतरांइतकीच संधी द्यावी आणि त्याच्या शैक्षणिक प्रगतीबरोबर सामाजिक विकासालाही वाव मिळेल असे साहाय्य द्यावे, असे हे कलम सांगते.

‘सामाजिक विकास’ हे शब्द कायद्यात आले खरे. पण प्रशासनाच्या तक्त्यांत त्यांना रकाना मिळाला नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला सदस्य विचारतात, विशेष गरजा असलेली किती मुले दाखल झाली, किती शाळांत उतरते रस्ते बांधले? मंत्री आकडे देतात. समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन आहे. त्या मुलाशेजारी बसून डबा कोण खातो, हे विचारण्याची प्रथा नाही.

छत्तीसगडमध्ये २०११च्या जनगणनेनुसार सुमारे सव्वासहा लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्या राज्याच्या राजधानीत, रायपूरमध्ये, बदलीने आलेल्या मराठी कुटुंबांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. आईच्या ओठांच्या हालचालींवरून मराठी समजून घ्यायला शिकलेल्या कर्णबधिर मुलापुढे वर्गात हिंदी येते आणि मैदानावर छत्तीसगडी. ती ओळखीची होईस्तोवर वडिलांच्या पुढच्या बदलीचा आदेश निघतो. इतर मुले नव्या गावात आठवडाभरात मित्र जोडतात. स्वमग्न मुलाला त्यासाठी कधीकधी पूर्ण वर्ष लागते. दिव्यांग अपत्य असलेल्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचा विचार व्हावा, असे केंद्राचे धोरण आहे. ती सवलत मागण्यात अनेकांना अजूनही संकोच वाटतो.

दुष्टपणाने वाळीत टाकल्याची उदाहरणे असतातच, परंतु अधिक वेळा एकटेपणा काळजीपोटी लादला जातो. सहलीला नको, जोखीम कोण घेणार? खेळाच्या तासाला वर्गात बसून दप्तरे सांभाळ. सोबतीला आई किंवा मदतनीस दिवसभर शेजारी बसते, म्हणून वर्गमित्र जवळ फिरकत नाहीत. परीक्षेला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळतो, हे चांगलेच. पण परीक्षा वर्षातून दोन-तीनदा येते आणि मधली सुट्टी रोज.

शिक्षण हक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय दिला. ज्या मुलाला अंथरुणातून हलवता येत नाही त्याच्यासाठी तो आवश्यकच होता. मात्र शाळेची गैरसोय टाळण्यासाठी तो वापरला गेला, तर नाव पटावर आणि मूल चार भिंतींत, अशी स्थिती होते. अशा वेळी पालकांनी विशेष शाळेकडे वळावे यात नवल नाही. तो हक्क कायद्यानेच दिला आहे, आणि निदान सोबती तरी मिळतात.

प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवून दिले. कायम नेमणुका होईपर्यंत अनेक शाळांत मिळून एक फिरता शिक्षक, अशी सोय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुचवली. फिरता शिक्षक धडा शिकवून पुढच्या शाळेत जाईल. मैत्री जुळवायला त्याला सवड कुठली? ते काम वर्गशिक्षकाचे आहे, आणि बी.एड.च्या एखाद्या प्रश्नपत्रिकेने ते साधत नाही.

रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाकडे संत ज्ञानेश्वर विद्यालय आहे, समता कॉलनीत दिव्यांग मुलींसाठी विकासगृहही आहे. शाळा आणि विकासगृह एकाच व्यवस्थापनाखाली असणे ही दुर्मीळ सोय आहे. स्नेहसंमेलनात या मुलींचे गाणे ठेवून टाळ्या वाजवणे सोपे असते. कबड्डीच्या संघात आणि सहलीच्या बसमध्ये त्यांच्या जागा आधीच ठरवून ठेवणारी शाळा मात्र मंडळाच्या मराठी सभासदांना येत्या जूनपासूनच उभी करता येईल. त्यासाठी संसदेच्या मंजुरीची गरज नाही.